रॉड घातलेल्या माणसाचा एमआरआय : प्रस्तावना

इंदापूरहून अकलूजकडे निघाले की वाटेत बावडा लागते. सगळा उसाचा पट्टा. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटले की या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर सुरू होतात, ते पार उन्हाळा लागेपर्यंत. अंधारात उभ्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, मोटारसायकलवाल्याला घरी पोचायची घाई असते. हंगाम संपेपर्यंत पंचक्रोशीत कोणाच्या मांडीत रॉड, कोणाच्या नडगीला प्लेट, कोणाच्या मनगटात तारा आलेल्या असतात. म्हाताऱ्यांचे दुखणे वेगळे. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी इंदापूरहून सराटीकडे याच वाटेने जाते. तिच्यामागे वर्षानुवर्षे चाललेल्या गुडघ्यांपैकी बरेच आता धातूचे आणि प्लास्टिकचे झाले आहेत. कोणाच्या खुब्याचा गोळा बदललेला, कोणाच्या मणक्यात स्क्रू, कोणाच्या हृदयात स्टेंट.

अशा माणसाला पुढे कधीतरी एमआरआय लागतो. आणि तेव्हा त्याला एक वाक्य हमखास ऐकू येते : “रॉड आहे ना? मग एमआरआय होत नाही.” हे वाक्य पारावर ऐकू येते, मेडिकलच्या दुकानात ऐकू येते, कंपाउंडर सांगतो, कधीकधी डॉक्टरही सांगतात. ते पूर्ण खोटे नाही, म्हणूनच ते इतके टिकले. हे पुस्तक या एका वाक्याच्या विरोधात लिहिले आहे असे म्हटले तरी चालेल.

त्या वाक्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेले आहेत. पहिला : धातू अंगात असताना या यंत्रात जाणे चालेल का? दुसरा : गेलेच, तर काही दिसेल का? पहिला प्रश्न जिवाचा, दुसरा चित्राचा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या शास्त्रातून येतात आणि बहुतेक वेळा वेगळी असतात. मांडीतला टायटॅनियमचा रॉड यंत्रात बिनधास्त चालतो, पण त्याच्या लगतचे चित्र बिघडवतो. मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीवर पूर्वी बसवत ती लोहचुंबकीय क्लिप चित्र फारसे बिघडवण्याआधीच माणसाचा जीव घेऊ शकते. १९९२ मध्ये अमेरिकेत असा मृत्यू झाला आणि जगभरच्या एमआरआय विभागांनी धडा घेतला.

यंत्र कसे चालते ते आधी थोडक्यात पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, म्हणजेच हायड्रोजन भरपूर. हायड्रोजनचे केंद्रक मोठ्या चुंबकात ठेवले की ठरावीक गतीने डोलते. दीड टेस्लाच्या यंत्रात ही वारंवारिता सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झ असते. तेवढ्याच वारंवारितेच्या रेडिओलहरीने त्याला ढकलले की ते परत उत्तर देते. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये हे दाखवले. पण नुसत्या उत्तरातून चित्र होत नाही, उत्तर कुठून आले ते कळायला हवे. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये ती युक्ती मांडली. चुंबकीय क्षेत्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू वाढते ठेवायचे, म्हणजे प्रत्येक जागेची वारंवारिता वेगळी होते आणि वारंवारितेवरून जागा ओळखता येते. पीटर मॅन्सफिल्ड यांनी या युक्तीला गणित आणि वेग दिला. दोघांना २००३ चे नोबेल मिळाले. १९७७ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या छातीचे चित्र काढले तेव्हा त्याला जवळजवळ पाच तास लागले होते.

आता या व्यवस्थेत धातू आला की काय होते? धातू स्वतः दिसत नाही, त्यात हायड्रोजन नसतो, तो काळाच राहतो. तेवढ्यावर भागले असते तर तक्रार नव्हती. पण धातू आपल्या भोवतालचे चुंबकीय क्षेत्रही बदलतो. क्षेत्र बदलले की वारंवारिता बदलते, आणि वारंवारिता बदलली की यंत्र त्या पाण्याची जागा चुकीची नोंदवते. तलाठ्याने एकाच्या रानाचा सातबारा शेजाऱ्याच्या गटावर चढवावा, तसा हा प्रकार. स्क्रूच्या डाव्या बाजूच्या स्नायूचा संदेश उजवीकडे नोंदला जातो. जिथून गेला तिथे काळे भगदाड पडते, जिथे येऊन साचला तिथे पांढरीशुभ्र कड उमटते. नवशिका ती कड पाहून सूज आहे किंवा पू आहे असे लिहून मोकळा होतो. शिवाय धातूच्या अगदी लगतचे पाणी क्षणार्धात बेताल होऊन गप्प बसते, त्यामुळे काळा डाग प्रत्यक्ष रॉडपेक्षा कितीतरी जाड दिसतो. काप घेतानाही घोटाळा होतो. यंत्राला वाटते आपण पाच मिलिमीटरचा सपाट काप घेतला, प्रत्यक्षात तो धातूभोवती तळलेल्या पापडासारखा वाकडातिकडा झालेला असतो.

किती बिघडणार, हे धातूच्या जातीवर अवलंबून. शरीराची चुंबकीय प्रवणता दशलक्षात उणे नऊच्या आसपास. टायटॅनियमची सुमारे १८०. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या सांध्यात वापरतात त्या कोबाल्ट-क्रोमियमची ९०० च्या घरात. हाडांच्या प्लेटा-स्क्रूंसाठी चालणारे ३१६एल जातीचे स्टेनलेस स्टील काही हजारांवर जाते. म्हणजे स्टीलची प्लेट टायटॅनियमच्या कितीतरी पट गोंधळ घालते, जरी बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत दिसतात. स्टील स्वस्त पडते, तालुक्याच्या ठिकाणी ते अजून सर्रास वापरले जाते, आणि त्यात गैर काही नाही. हाड जुळवायला स्टील उत्तमच आहे. पण पुढे एमआरआय लागण्याची दाट शक्यता असेल तिथे शल्यचिकित्सकाने आधीच विचार करावा. मणक्याच्या क्षयाचे उदाहरण घ्या. आपल्याकडे हा आजार अजून भरपूर. किडलेला भाग साफ करून स्क्रू बसवले तरी औषध लागू पडते आहे का, मज्जारज्जूवरचा दाब उतरला का, हे पुढे पाहावे लागतेच. म्हणून अशा शस्त्रक्रियेत टायटॅनियम निवडतात. धातूची निवड आणि पुढचा तपास यांचे नाते या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल, कारण ऑपरेशन थिएटर आणि एमआरआयची खोली यांच्यात आपल्याकडे बोलणे फार कमी होते.

सुरक्षेकडे वळू. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट. आणि हा चुंबक रात्री, सुट्टीच्या दिवशी, रुग्ण नसतानाही चालूच असतो. हे वाक्य प्रत्येक एमआरआय खोलीच्या दारावर मराठीत, ठळक अक्षरांत हवे. नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघरच्या टाटा स्मारकाच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात ऑक्सिजनचा सिलिंडर यंत्राकडे खेचला गेला आणि दोन कर्मचारी कित्येक तास यंत्राला चिकटून अडकले. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला. तो रुग्णही नव्हता. या बातम्या गावोगाव पोचल्या आणि “एमआरआय माणसाला ओढतो” ही भीती पक्की झाली. भीती योग्य, पण तिचा रोख चुकला. त्या दोन्ही घटनांतला धातू शरीराबाहेरचा, लोखंडी आणि सुटा होता. हाडात स्क्रूने घट्ट बसवलेली, लोहचुंबकीय नसलेली प्लेट कुठेही जात नाही.

याचा अर्थ अंगातला सगळाच धातू निरुपद्रवी असा नाही. रेडिओलहरींमुळे लांब, बारीक तारांची टोके तापू शकतात. जुन्या पेसमेकरच्या तारांची हीच अडचण होती, शिवाय पेसमेकरच बिघडण्याचीही. ठरावीक अटींवर एमआरआय चालेल असा पेसमेकर अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाला आणि चित्र बदलले. कानातल्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये स्वतःचाच चुंबक असतो, तिथे निर्मात्याच्या अटी शब्दशः पाळाव्या लागतात. हृदयातल्या आजच्या स्टेंटना सहसा अडचण नाही. तांब्याच्या ‘कॉपर-टी’ला लोहचुंबकत्व नाही. तरी बाया भीतीने ती आहे हे सांगत नाहीत किंवा ती आहे म्हणून एमआरआयलाच नकार देतात. सगळ्यात दुर्लक्षित धोका म्हणजे डोळ्यातला कण. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये चष्मा न लावता ग्राइंडर चालवणाऱ्या पोरांना, कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्यांना “डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?” हे विचारलेच पाहिजे, आणि शंका असेल तर आधी एक्स-रे काढला पाहिजे. उसाच्या या पट्ट्यात हा प्रश्न फॉर्मवरच्या इतर दहा प्रश्नांपेक्षा मोलाचा आहे.

२००५ पासून वस्तूंचे तीन वर्ग मानले जातात : सुरक्षित, अटींसह सुरक्षित आणि असुरक्षित. शरीरात बसवायचा जवळजवळ सगळा धातू मधल्या वर्गात येतो. त्या ‘अटी’ वाचणे हेच खरे काम. चुंबक किती टेस्लाचा, रेडिओशक्ती किती, किती वेळ. अटी न वाचता सरसकट नकार देणे सोपे असते. नकाराने कुणाची नोकरी जात नाही. त्याची किंमत मात्र रुग्ण मोजतो.

आता चित्राची बाजू. गेल्या चाळीस वर्षांत तिथे दोन घराणी तयार झाली असे म्हणता येईल. पहिले घराणे असलेल्या साधनांतून मार्ग काढणाऱ्यांचे. एर्विन हान यांनी १९५० मध्ये शोधलेला ‘स्पिन एको’ हा त्यांचा आधार. बेताल झालेली केंद्रके एका उलट्या धक्क्याने पुन्हा तालावर येतात, म्हणून धातूजवळ असा उलटा धक्का नसलेला ग्रेडिएंट एको टाळून फास्ट स्पिन एकोच घ्यायचा. बँडविड्थ वाढवायची, म्हणजे संदेश चुकीच्या जागी नोंदला गेला तरी थोडाच सरकतो. काप पातळ घ्यायचे. चरबीचा संदेश दाबायला वारंवारितेवर विसंबणारी पद्धत सोडून ‘स्टर’ वापरायची. आणि तीन टेस्लाऐवजी दीड टेस्लाचे यंत्र निवडायचे, कारण चुंबक जितका ताकदवान तितका धातूचा धुडगूस जास्त. शहरातून “तीन टेस्लावरच काढून आणा” अशी चिठ्ठी घेऊन आलेला, गुडघा बदललेला रुग्ण पाहिला की कपाळाला हात लावावासा वाटतो. या घराण्याच्या युक्त्यांना वेगळे पैसे लागत नाहीत. नवे सॉफ्टवेअर नको, फक्त टेक्निशियनने दहा मिनिटे डोके चालवून प्रोटोकॉल बदलायला हवा. आमच्या मते बारामती-इंदापूरसारख्या भागात नव्वद टक्के फायदा इथूनच मिळेल. हा अंदाज आहे, मोजमाप नाही, पण आम्ही तो ठामपणे मांडतो.

दुसरे घराणे नव्याने मांडणी करणाऱ्यांचे. झांग-ही चो आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ‘व्ह्यू अँगल टिल्टिंग’ सुचवले. त्याने कापाच्या प्रतलातली सरक बरीचशी आटोक्यात येते, कापाचे वाकणे तसेच राहते. खरी झेप २००९ मध्ये आली. केविन कॉख आणि सहकाऱ्यांनी ‘मॅव्हरिक’ आणले. धातूजवळची वारंवारिता खूप पसरलेली असते, तर ती एका घासात घेण्याऐवजी छोट्या छोट्या पट्ट्यांत वेगवेगळी घ्यायची आणि मग सगळे पट्टे जोडायचे. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या वेनमियाओ लू, ब्रायन हारग्रीव्हज आणि सहकाऱ्यांनी ‘सेमॅक’ मांडले. त्यात प्रत्येक काप किती आणि कुठे वाकला हे जास्तीची मोजणी करून शोधतात आणि भरकटलेला संदेश मूळ जागी परत बसवतात. दोन्हींचा मेळ घालणारी पद्धतही पुढे आली. आज मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर या पद्धती वेगवेगळ्या व्यापारी नावांनी मिळतात. किंमत दोन प्रकारची : परवान्याचे पैसे आणि वेळ. दुखरा खुबा घेऊन बोगद्यात निश्चल पडणे किती अवघड असते ते ज्याचे त्याला ठाऊक. आता कमी मोजणीतून चित्र पुरे करणाऱ्या गणिती युक्त्यांनी वेळ घटतो आहे. २०२० नंतर बाजारात आलेल्या ०.५५ टेस्लाच्या यंत्रांनी तर उलटीच वाट धरली आहे. चुंबकच हलका करा, धातूची कटकट आपोआप कमी होते.

हे संशोधन २००९ च्या सुमारास एवढे तातडीचे का झाले, याचे उत्तर प्रयोगशाळेबाहेर आहे, आणि त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा खुब्याचा सांधा धातूवर धातू घासणारा होता. कोबाल्ट-क्रोमियमचा गोळा, कोबाल्ट-क्रोमियमचीच वाटी. घर्षणाने सूक्ष्म कण सुटत, रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम वाढे आणि सांध्याभोवतीच्या मांसात गाठी होत, स्नायू झिजत. रुग्ण जांघेत दुखते म्हणून यायचा, एक्स-रेमध्ये सांधा जागच्या जागी, व्यवस्थित बसलेला. दोष होता मऊ भागात, आणि मऊ भाग दाखवणारे सर्वांत चांगले यंत्र नेमके त्याच धातूजवळ आंधळे. ब्रिटनच्या औषध व उपकरण नियामकाने २०१० मध्ये अशा रुग्णांची रक्ततपासणी आणि धातूसाठी जुळवून घेतलेला एमआरआय करण्याच्या सूचना दिल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून मागे घेतला. भारतात सरकारी आकड्यानुसार सुमारे ४,७०० जणांना तो बसला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरले. केंद्राच्या तज्ज्ञ समितीनंतर २०१८ मध्ये ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरले. पण अनेक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. कोणाला कुठला सांधा बसला याची नोंदच धड नव्हती. एमआरआयचे सगळे नवे तंत्र हाताशी असले तरी तपासायचे कोणाला, हेच ठाऊक नसेल तर काय उपयोग?

या पुस्तकाची आज गरज का, तेही इथेच आले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय माणसाच्या बांध्याला साजेसा ‘इंडस’ गुडघा घडवला होताच. जीवनदायी आणि पुढे महात्मा फुले योजनेमुळे हाडांची मोठी ऑपरेशने ज्यांना परवडत नव्हती त्यांच्यापर्यंत पोचली. बारामतीला २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे धातू घातलेली माणसे वाढली, एमआरआयची यंत्रेही जवळ आली, मात्र दोघांमधली माहिती आली नाही. टेक्निशियनचा अभ्यासक्रम इंग्रजीत, संमतिपत्र इंग्रजीत, अटींचे पत्रक इंग्रजीत. जोडवी काढावी लागतील का, करदोडा चालेल का, खिशातली चुन्याची डबी बाहेर ठेवायची का, हे विचारणारी आजी मात्र मराठीत विचारते.

उलट बाजूही मांडायला हवी. काही अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतात की धातू असेल तिथे सीटी, सोनोग्राफी आणि रक्ततपासणीवर भागते, एमआरआयचा हट्ट कशाला? सांधा सैल झाला का, स्क्रू मोडला का, एवढेच पाहायचे असेल तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तिथे एक्स-रे आणि सीटीच चांगले. पण मज्जारज्जू, स्नायू, अस्थिमज्जेतली सूज, सांध्याभोवतीची गाठ यांसाठी एमआरआयला तोड नाही. आणि कित्येकदा प्रश्न धातूजवळचा नसतोच. डाव्या मांडीत स्टीलचा रॉड असलेल्या माणसाचा मेंदू तपासायचा असेल तर रॉडची सावली मेंदूपर्यंत पोचत नाही. तरी त्यालाही परत पाठवतात. असे परत पाठवलेले रुग्ण हे पुस्तक लिहिण्यामागचे सर्वांत मोठे कारण.

आम्ही क्ष-किरणतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर आणि टेक्निशियन मिळून हे लिहिले. गणित जिथे टाळता आले तिथे टाळले, जिथे टाळणे म्हणजे फसवणूक झाली असती तिथे ठेवले. टेक्निशियनसाठी प्रोटोकॉलचे तक्ते आहेत, फॅमिली डॉक्टरसाठी कोणत्या दुखण्यात काय सांगावे याची चर्चा आहे. रुग्णाने मधली भौतिकशास्त्राची प्रकरणे वगळून पुढे गेले तरी बिघडणार नाही. प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक सांध्याच्या अटी इथे सापडणार नाहीत. त्या बदलत राहतात, आणि त्यासाठी त्या त्या वस्तूचे पत्रकच पाहावे लागते. आणि कोणत्याही एका रुग्णाचा निर्णय या पुस्तकावरून घेऊ नये, तो समोरच्या डॉक्टरनेच घ्यायचा आहे.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक वेळा गाडी अडते ती एका लहानशा कागदावर. ऑपरेशननंतर इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर रुग्णाच्या कागदपत्रांत चिकटवतात. त्यावर कंपनीचे नाव, माप, लॉट नंबर आणि धातूची जात असते. काही घरांत ते डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले असते. तिथे एमआरआयचा निर्णय दोन मिनिटांत होतो. बहुतेक घरांत ते पावसात भिजलेले, उंदराने कुरतडलेले किंवा हरवलेले असते, आणि मग जुन्या दवाखान्यात फोन, तिथला क्लार्क रजेवर, आणि रुग्ण पुढच्या आठवड्यात या.

म्हणून वाचकाला एक विनंती. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कोरा तक्ता दिला आहे. घरात कोणाच्या अंगात धातू असेल तर त्याचे कार्ड शोधा, स्टिकरवरचा मजकूर त्या तक्त्यात उतरवून घ्या, मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. कार्ड नसेल तर जिथे ऑपरेशन झाले तिथे लेखी अर्ज करून मागा. आधी ते करा, मग पहिले प्रकरण उघडा.